उम्म अलीच्या वाडग्यातला आकडा

काही वर्षे मी एका मासिकात आहाराविषयी सदर लिहीत होतो. एकदा रमजानच्या महिन्यात दुबईत नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाचे पत्र आले. कार्यालयातल्या लोकांबरोबर इफ्तारला जाणे होते, तिथे 'ओम अली' नावाचा दुधातला गोड पदार्थ हमखास असतो, गावाहून आलेल्या वडिलांना तो फार आवडला आहे, पण त्यांना मधुमेह आहे. तर किती दिला तर चालेल, असा साधा प्रश्न होता. मी हाताशी असलेल्या एका तक्त्यात पाहिले, 'एका वाढणीत इतक्या कॅलरी' असा आकडा सापडला, तो उतरवला आणि 'शक्यतो टाळावा, फारच इच्छा झाली तर दोन चमचे' असे उत्तर छापले. उत्तर चुकीचे होते असे कोणी म्हणाले नाही. मलाच ते पुढे खुपू लागले. दुसऱ्या एका कामासाठी दुसरा तक्ता उघडला तर त्याच पदार्थासमोर जवळजवळ दुप्पट आकडा होता. तिसऱ्यात आणखी वेगळा. तीनही तक्ते आपापल्या परीने खरे होते. मग मी त्या वाचकाला नेमके काय सांगितले होते?

या लेखाचा उगम त्या अस्वस्थतेत आहे. कवितेची, कादंबरीची समीक्षा आपण करतो. पाककृतीची क्वचित करतो. पोषणाच्या तक्त्याची मात्र कधीच करत नाही. आकडा असला की तो वाचायचा, मानायचा. पण तक्ता हेही एक लेखन आहे. त्याचा कोणीतरी कर्ता असतो, तो काही सांगतो आणि काही गाळतो. उम्म अली या इजिप्शियन पदार्थाभोवती तीन प्रकारचे लेखन जमले आहे: दंतकथा, पाककृती आणि तक्ता. ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली तर त्या वाडग्यात काय आहे हे थोडे अधिक नीट दिसते, असा माझा अनुभव आहे.

राणी, खडावा आणि सोन्याचे नाणे

आधी पदार्थ सांगतो. भाजलेल्या पातळ रोटीचे किंवा पापुद्र्याच्या पेस्ट्रीचे तुकडे मातीच्या किंवा काचेच्या खोलगट भांड्यात घालायचे, वर बेदाणे, बदाम, पिस्ते, अक्रोड, सुके खोबरे पसरायचे, साखर घातलेले गरम दूध ओतायचे, त्यावर साय किंवा क्रीम घालायचे आणि भट्टीत वरून तांबूस होईपर्यंत ठेवायचे. गरम गरम खायचे. कैरोत दुधाचे पदार्थ विकणारी जी दुकाने असतात, तिथे तांदळाच्या खिरीच्या आणि महलबियाच्या शेजारी हाही असतो. 'उम्म अली' म्हणजे 'अलीची आई'. बोलीत 'ओम अली'.

ही अलीची आई कोण, याची सर्वांत गाजलेली गोष्ट तेराव्या शतकातली आहे. सुलतान अल-सालिह अय्यूब १२४९ मध्ये वारला, तेव्हा फ्रान्सचा नववा लुई क्रूसेडचे सैन्य घेऊन इजिप्तमध्ये उतरलेला होता. सुलतानाची पत्नी शजर अल-दुर्र हिने त्याचा मृत्यू लपवून ठेवला आणि राज्य सावरले. शजर अल-दुर्र म्हणजे मोत्यांचे झाड. १२५० मध्ये ती स्वतः गादीवर बसली, पण सुमारे ऐंशी दिवसच. मग तिने ऐबक या मामलूक सरदाराशी लग्न केले आणि सत्ता त्याच्या नावावर गेली. ऐबकाने मोसुलच्या अधिपतीच्या मुलीशी लग्न ठरवले, तेव्हा १२५७ मध्ये शजर अल-दुर्रने त्याला हमामखान्यात मारवले. थोड्याच दिवसांत तिचाही अंत झाला. ऐबकाची पहिली बायको, म्हणजे अलीची आई, हिच्या दासींनी तिला लाकडी खडावांनी ठेचून मारले आणि प्रेत किल्ल्यावरून खाली टाकले. ऐबकाचा मुलगा अली पंधराएक वर्षांचा असताना सुलतान झाला, आणि दोन वर्षांत कुतुझने त्याला दूर केले.

इथपर्यंतची गोष्ट इतिहासात आहे. पुढची लोकांच्या तोंडी आहे: या विजयाच्या आनंदात अलीच्या आईने रोटी, दूध, साखर आणि सुकामेवा घालून मोठमोठी भांडी भरली, शहरभर वाटली, आणि वाडग्यात सोन्याचे नाणे घातले. दुसऱ्या गोष्टीत ती नाईलच्या काठच्या एका खेड्यातली गरीब बाई आहे. शिकारीला निघालेला सुलतान भुकेला होऊन तिच्या दारी येतो आणि ती घरात असेल ते एकत्र करून त्याला खायला घालते. तिसऱ्या गोष्टीत तर 'ओम अली' हे 'ओ'माली' आडनावाच्या एका आयरिश बाईच्या नावाचे बिघडलेले रूप ठरते, आणि ती खेदिव इस्माईलच्या दरबारात येऊन पोचते.

या कथांची सत्यता तपासणे हा माझा उद्देश नाही. वाचक म्हणून मला एवढेच दिसते की पहिली कथा पदार्थाला राजवाड्यात नेते आणि दुसरी त्याला झोपडीत परत आणते. पहिलीत सोन्याचे नाणे आहे, दुसरीत घरातली उरलेली रोटी. लोकप्रिय कोणती, हे सांगायला नको. मेनूकार्डावर, पर्यटनाच्या माहितीत, पाककृतीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत खडावा आणि राणीच येते. खेड्यातली बाई फारशी कोणी छापत नाही. पोषणाच्या दृष्टीने मात्र तिच्याच गोष्टीत अर्थ आहे, कारण हा पदार्थ मुळात उरलेल्या रोटीला पुन्हा अन्न करण्याच्या घराण्यातला आहे.

तक्त्याआधीचा तक्ता

रोटी आणि गोड यांची जोडी अरब स्वयंपाकात फार जुनी आहे. दहाव्या शतकात बगदादेत इब्न सय्यार अल-वर्राक याने 'किताब अल-तबीख' हा पाकग्रंथ रचला. त्यात 'जूधाब' नावाच्या पदार्थाचे अनेक प्रकार आहेत. पातळ रोट्यांचे थर साखर किंवा मध घालून परातीत रचायचे, ती परात तंदुराच्या तळाशी ठेवायची आणि वर कोंबडी किंवा मांस टांगायचे. भाजताना गळणारी चरबी आणि रस खालच्या गोड रोटीत मुरतो. आज आपल्याला हे विचित्र वाटेल. पण तत्त्व तेच आहे: कोरड्या रोटीने ओल, गोडवा आणि स्निग्धता शोषून घ्यायची. उम्म अलीत मांसाच्या जागी दूध आले, चरबीच्या जागी साय आली. जूधाबपासून उम्म अलीपर्यंत सरळ रेघ ओढण्याचे धाडस मी करणार नाही. दोन्ही एका विचारातून आले आहेत, एवढे पुरे.

अल-वर्राकच्या ग्रंथाची दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यात पाककृतींच्या बरोबरीने अन्नाच्या गुणधर्मांची प्रकरणे आहेत. कोणते अन्न उष्ण, कोणते शीत, कोणते कोरडे, कोणते ओलसर. कोणाच्या प्रकृतीला काय मानवते. गॅलेनच्या वैद्यकावर ती उभी आहेत. आपल्याकडे आजही 'पपई उष्ण असते' म्हणणाऱ्या आजीला ही भाषा परकी वाटणार नाही. तो त्या काळचा पोषणाचा तक्ता होता. आज त्याचे शास्त्र आपण मानत नाही, पण त्याच्या मांडणीतली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तो तक्ता पदार्थाबद्दल बोलताना खाणाऱ्याबद्दलही बोलत असे. 'हे अन्न कोणासाठी' हा प्रश्न त्यात गृहीत होता. आजच्या तक्त्यात 'प्रति १०० ग्रॅम' असते, खाणारा नसतो.

साखरेचा एक धागाही इथेच जोडून घेतो. मध्ययुगात इजिप्त हा साखरेचा मोठा देश होता. नाईलच्या पाण्यावर ऊस पिके आणि फुस्तात-कैरोत साखरेचे कारखाने चालत. हिंदीत खडीसाखरेला 'मिश्री' म्हणतात, त्यात मिस्र, म्हणजे इजिप्त, या देशाचे नाव आहे. (आपली दात घासायची तंबाखूची मिश्री वेगळी.) आपली 'शर्करा' अरबांकडे 'सुक्कर' होऊन गेली आणि इजिप्तच्या नावाने खडा होऊन परत आली. इजिप्तमध्ये साखर ही परदेशातून आलेली चैन होती असे समजून या पदार्थाकडे पाहिले तर चूक होईल.

रोटीचे नाव आयुष्य

आता त्या वाडग्याच्या तळाशी जाऊ. तिथे रोटी आहे.

अरबीत रोटीला 'खुब्ज' म्हणतात. इजिप्तमध्ये मात्र 'ऐश' म्हणतात, आणि ऐश म्हणजे जगणे. 'ऐश बलदी', देशी रोटी, ही कोंडा बऱ्यापैकी राखलेल्या पिठाची, खमीर घालून फुगवलेली, कडक भट्टीत टम्म होणारी गोल रोटी. रस्त्यावर तुकडा पडलेला दिसला तर तो उचलून, ओठांना लावून, पायदळी येणार नाही असा कडेला ठेवणारी माणसे तिथे आहेत. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात, तसेच.

या रोटीचे राजकारण जगजाहीर आहे. जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने पीठ, साखर, तेल अशा वस्तूंवरचे अनुदान कमी करण्याचे जाहीर केले. १८ आणि १९ तारखेला शहरे पेटली, माणसे मेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ च्या उठावात तहरीर चौकातल्या घोषणेचा पहिला शब्द 'ऐश' होता. स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्यानंतर. शिधापत्रिकेवर माणशी रोज पाच रोट्या मिळतात. एका रोटीची किंमत तीन दशकांहून अधिक काळ पाच पियास्त्रच राहिली. किंमत वाढवायची सोय नव्हती, म्हणून वजन घटत गेले. २०२० मध्ये रोटी ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आली. अखेर जून २०२४ मध्ये किंमत वीस पियास्त्र झाली. तरीही करणावळीच्या मानाने ती नाममात्रच आहे. गहू मात्र मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. जगातल्या सर्वांत मोठ्या गहू-आयातदारांत इजिप्तची गणना होते, आणि काळ्या समुद्रात युद्ध पेटले की कैरोतली भट्टी कापते.

पाच रोट्या म्हणजे ४५० ग्रॅम. शंभर ग्रॅमला सुमारे २५० कॅलरी धरल्या तर अकराशेच्या पुढे कॅलरी झाल्या. गरीब माणसाची दिवसाची निम्मी भूक या एका वस्तूवर भागते. अशा देशात रोटी शिळी झाली म्हणून टाकत नाहीत. ती वाळवतात, रश्शात भिजवतात. बकरी ईदला होणाऱ्या 'फत्ता'त रोटीचे तुकडे मांसाच्या रश्शात भिजतात, वर भात आणि मांस येते. तिखट-खारट बाजूला फत्ता आणि गोड बाजूला उम्म अली, अशी ही भावंडे आहेत. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, गूळ-तूप घालून मलिदा किंवा लाडू होतो, ती यांचीच दूरची नात्यातली.

पण आज हॉटेलात जी उम्म अली मिळते तिच्यात ही रोटी नसते. तिथे लोण्याच्या घड्या घातलेली पापुद्र्याची पेस्ट्री असते, कधी आदल्या दिवशीचे क्रोसाँ. म्हणजे उरलेल्या रोटीच्या जागी युरोपी बेकरीतला माल आला. नाव तेच राहिले, गोष्ट तीच राहिली, राणी तीच राहिली. बदलला तो फक्त तळ. आणि तक्त्यांतल्या आकड्यांत जी तफावत मला छळत होती, तिचे मुख्य कारण हे होते.

दोन वाडगे

मी स्वयंपाकघरातला काटा काढला, अन्नघटकांची नेहमीची कोष्टके घेतली आणि आठ जणांसाठीचे दोन वाडगे कागदावर मांडले. हे प्रयोगशाळेतले मोजमाप नाही, घरगुती हिशेब आहे. कोणीही तो तपासू शकेल.

पहिला वाडगा साधा. 'रुकाक' म्हणजे पापडासारखी पातळ, कोरडी भाजलेली रोटी, ३०० ग्रॅम. म्हशीचे दूध एक लिटर. साखर १०० ग्रॅम. बेदाणे ५० ग्रॅम. तूप ३० ग्रॅम. दुसरा हॉटेलातला. भाजलेली पापुद्र्याची पेस्ट्री ३०० ग्रॅम, दूध, साखर, बेदाणे तेवढेच, बदाम-पिस्ते-अक्रोड मिळून १०० ग्रॅम, सुके खोबरे ३० ग्रॅम, क्रीम २०० ग्रॅम, तूप नाही.

साध्या वाडग्याच्या आठव्या हिश्श्यात सुमारे ३६० कॅलरी येतात, हॉटेलातल्याच्या आठव्या हिश्श्यात सुमारे ५८५. प्रथिने पहिल्यात सुमारे ९ ग्रॅम, दुसऱ्यात ११. स्निग्ध पदार्थ पहिल्यात १३ ग्रॅम, दुसऱ्यात ४१. वरून घातलेली साखर दोन्हींत सारखीच, साडेबारा ग्रॅम. आणि एकूण पिष्ट व शर्करा पहिल्यात सुमारे ५२ ग्रॅम, दुसऱ्यात ४५.

हे आकडे समोर आल्यावर माझे दोन समज गळून पडले.

पहिला समज असा की गोड पदार्थ म्हणजे साखरेचा गुन्हा. साडेबारा ग्रॅम म्हणजे अडीच-तीन चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरीच्या आहारात ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. उम्म अलीची एक वाढणी कडक मर्यादेच्याही निम्म्यावर थांबते. हॉटेलच्या वाडग्याला जड करते ती साखर नव्हे. त्यातल्या ४१ ग्रॅम स्निग्धांपैकी सुमारे १४ पेस्ट्रीतून, ९ दुधातून, ९ क्रीममधून, ७ सुक्यामेव्यातून आणि अडीच खोबऱ्यातून येतात. यातले सुक्यामेव्याचे सात ग्रॅम बहुतांशी असंपृक्त, ठेवून घ्यावेत असे. पेस्ट्री मात्र वाडग्यात सर्वांत अधिक स्निग्ध आणते आणि सर्वांत कमी लक्षात येते, कारण ती 'ब्रेड' म्हणून मोजली जाते. ती लोण्याऐवजी वनस्पती तुपात केलेली असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो.

दुसरा समज उलट दिशेचा: जुने ते निरोगी. आहारावर लिहिणाऱ्यांना हे वाक्य फार प्रिय असते आणि मीही ते अनेकदा लिहिले आहे. पण मधुमेही माणसाच्या नजरेने पाहिले तर पिष्ट-शर्करा साध्या वाडग्यात जास्त आहे. त्या ५२ ग्रॅमांतले सुमारे २८ एकट्या रोटीचे आहेत. साखर निम्मी केली तरी सहाच ग्रॅम वाचतात. म्हणजे खेड्यातल्या बाईचा वाडगा हृदयाला हलका आणि रक्तशर्करेला जड. राणीचा वाडगा याच्या उलट दिसतो, पण तोही निर्धोक नाही. भरपूर स्निग्धामुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे रक्तशर्करा लगेच उसळत नाही. ती उशिरा वाढते आणि लांबत जाते. दोन तासांनी मोजून 'काही झाले नाही' असे म्हणणाऱ्याची फसगत होऊ शकते.

रोटीला दूध कशासाठी

इतका वेळ मी वाडग्यात काय टाळावे हे बोललो. ते अर्धेच बोलणे आहे. हा पदार्थ ज्यांनी घडवला त्यांना टाळायचे नव्हते, मिळवायचे होते.

गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. नुसत्या रोटीवर वाढणाऱ्या मुलाला प्रथिने पोटात जाऊनही पुरी उपयोगी पडत नाहीत. दुधातल्या प्रथिनांत लायसिन भरपूर असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरते. आपल्या वरणभातात, खिचडीत डाळ तांदळासाठी जे करते, तेच काम इथे दूध रोटीसाठी करते. त्यातही इजिप्तमध्ये म्हशीचे दूध मुबलक. म्हशीला तिथे 'गामूसा' म्हणतात. हा शब्द फारसी 'गावमेश'वरून आला. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतो आणि कॅल्शियमही अधिक. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ही चव समजावून सांगावी लागणार नाही.

रोटीची आणखी एक उणीव एका भारतीय डॉक्टरने उघड केली, आणि तीही इजिप्तमध्ये. आनंद प्रसाद यांचा जन्म १९२८ साली बिहारमधल्या बक्सरचा. पाटण्यात वैद्यकशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला पोचले. तिथे त्यांच्यासमोर विशीतले, पण दहा वर्षांच्या मुलाएवढे दिसणारे, वयात न आलेले खेडूत तरुण आले. त्यांचे खाणे जवळजवळ सगळे रोटीचे होते. प्रसाद यांना संशय आला की या शरीरांत लोहाबरोबर जस्तही नाही. पुढे कैरोतल्या अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात त्यांनी आसपासच्या खेड्यांतले तसेच तरुण तपासले. यांचे जेवण रोटी आणि शेंगादाण्यांचे, म्हणजे घेवडा-वालाच्या जातीच्या कडधान्यांचे. वर बिल्हार्झिया आणि अंकुशकृमींचा त्रास. १९६३ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की माणसातही जस्ताची कमतरता होते. जस्त दिल्यावर ही मुले वाढली आणि वयात आली. तोवर वैद्यकाला हे मान्य नव्हते. १९७४ मध्ये अमेरिकेने रोजच्या आहारातल्या आवश्यक घटकांत जस्त घातले.

कारण रोटीतच होते. कोंड्यातले फायटेट जस्ताला आणि लोहाला धरून ठेवते, आतड्यात शोषू देत नाही. पीठ आंबवले की फायटेट बरेच फुटते, म्हणून खमिराची ऐश बलदी बिनखमिराच्या रोटीपेक्षा या बाबतीत बरी. आणि जेवणात प्राणिज प्रथिने आली की जस्त शोषले जायला मदत होते. खेड्यातल्या त्या मुलांच्या रोटीवर रोज वाडगाभर दूध पडले असते तर काय झाले असते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहात नाही. दुधाने सगळे भागले नसते; कृमींचा प्रश्न उरलाच असता. पण ज्या पदार्थाला मी 'टाळावा' म्हणून मोकळा झालो होतो, त्याच्या कल्पनेत रोटीवर जगणाऱ्या माणसाच्या उणिवेचे उत्तर होते, हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

एकाच देशातले दोन खाणारे

इजिप्तची आजची अडचण अशी की दोन्ही खाणारे एकाच वेळी हजर आहेत. २०१४ च्या लोकसंख्या व आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २१ टक्के वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार तिथे एक कोटीहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे, आणि अशा देशांच्या यादीत इजिप्त पहिल्या दहांत येतो. पुष्कळदा खुरटलेले मूल आणि स्थूल आई एकाच घरात, एकाच रोटीच्या ढिगापाशी बसलेली असतात. आपल्याकडचे चित्र यापेक्षा फार वेगळे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तक्ता या दोघांना एकच आकडा देतो. खुरटलेल्या मुलासाठी साध्या वाडग्यातले ३६० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिने ही भेट आहे. दुपारी भरपेट जेवून वातानुकूलित दालनात बसलेल्या माणसासाठी ५८५ कॅलरी हा भार आहे. दोन्ही ठिकाणी नाव उम्म अलीच.

म्हणून तक्त्यावरची माझी टीका आकडा खोटा आहे अशी नाही. आकडा खरा असतो, पण तो ज्या वाडग्याचा असतो तो वाडगा तक्त्यात दिसत नाही. रोटी की पेस्ट्री, म्हैस की गाय, क्रीम की नुसती साय, वाढणी किती मोठी, ती जेवणानंतर की जेवणाऐवजी, हे सगळे गाळून तो सरासरीवर येतो. दंतकथा जसे खेड्यातल्या बाईला गाळून राणीला ठेवते, तसाच तक्ता खाणाऱ्याला गाळून पदार्थाला ठेवतो. पाककृती निदान 'चवीप्रमाणे', 'आवडीनुसार' असे म्हणून माणसाला थोडी जागा सोडते. आणि या तिघांच्या नादाने माझ्यासारखा सदरलेखक 'टाळावा' असा एक शब्द लिहितो, जो लिहायला सर्वांत सोपा असतो.

त्या वाचकाला आज उत्तर लिहायचे झाले तर मी आधी विचारीन की वडील कोणती औषधे घेतात, इन्सुलिन घेतात का आणि त्या संध्याकाळी आणखी काय काय खातात. मग सांगेन: वाडग्यात चमचा घालून तळ बघा. पापुद्रे असतील तर वरचे दूध आणि सुकामेवा घ्या, पेस्ट्री बरीचशी राहू द्या. साधी रोटी असेल तर अर्धी वाढणी घ्या, त्यात सुमारे २६ ग्रॅम पिष्ट-शर्करा येईल. ती दीड पोळीएवढी आहे, तेव्हा त्या जेवणातला भात किंवा नान तेवढा कमी करा. आधी खजूर आणि सरबत झाले असेल तर तेही हिशेबात धरा. आणि रक्तशर्करा दोन तासांनी पाहिलीत तर चार तासांनी पुन्हा एकदा पाहा. काही शंका वाटली तर डॉक्टरांना विचारा.

हे उत्तर लांब आहे. सदरातल्या चौकटीत ते मावले नसते, आणि संपादकांनी बहुधा कापले असते. पण परक्या मुलखात, आयुष्याच्या उत्तरार्धात, कुणाच्या तरी सणाला बोलावून वाढलेला एक गरम वाडगा त्या गृहस्थांना आवडला होता. त्याबद्दल एवढे लांब बोलणे त्यांचे देणे होते. मी ते दोन चमच्यांत उरकले.